मागून येणाऱ्या बाई

कमलाकांत कोठाऱ्यांसारखा गाइड त्या काळी मुंबईत दुसरा नव्हता, असं फोर्टातल्या प्रवासी कचेरीत म्हणत. गृहस्थ काही फर्डे वक्ते नव्हते. पण पाहुण्याच्या पुढे कधी चालायचे नाहीत, माहीत नसेल ते सरळ ‘ठाऊक नाही’ म्हणायचे, आणि कोण दमलंय हे त्यानं सांगायच्या आधी ओळखायचे.

ठाकुरद्वारला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते एकटेच राहत. पत्नी राजलक्ष्मी जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हाच महाराष्ट्राच्या चळवळीत शहरात गोळीबार झाले, संचारबंदी आली, आणि बाहेरचे पाहुणेही आटले. दिवसचे दिवस चार शब्द बोलायला माणूस मिळत नसे.

अठ्ठावन्न सालच्या माघात एक काम आलं. बेळगावचे निवृत्त मास्तर हेरंबराव परळला डोळे दाखवायला आले होते. नजर पार गेली होती; डॉक्टरांनी हात टेकले. परत जाण्यापूर्वी म्हाताऱ्यानं पुतणीकडे हट्ट धरला, मला मुंबई उंचावरून बघायची आहे.

पुतणी सुमेधाला सातवा महिना. ती शीवच्या किल्ल्याच्या पायथ्याशी झाडाखाली बसली. हेरंबरावांचा हात आपल्या कोपरावर घेऊन कोठारे टेकडी चढू लागले. दुपारचे तीन वाजले असतील. वर चिटपाखरू नव्हतं. वाळलेलं गवत वाऱ्यानं सळसळत होतं, आणि पडक्या भिंतींना उन्हात तापलेल्या दगडाचा कोरडा वास येत होता.

“समोर मिठागरं आहेत,” कोठारे सावकाश सांगू लागले. “हा खारट वास येतोय ना, तो तिथला. पलीकडे खाडी. ओहोटी लागलीय, चिखल उघडा पडलाय.”

“रंग?”

“शिळ्या भाकरीसारखा.”

हेरंबराव लहान मुलासारखे हसले. “दिसलं हो! आमचं बेळगाव महाराष्ट्रात यायचं तेव्हा येईल, मुंबई मात्र आज पदरात पडली.” मग त्यांनी मान किंचित मागे वळवली. “पण तुम्ही त्यांना काहीच सांगत नाही.”

“कुणाला?”

“मागून येणाऱ्या बाईंना. मघापासून आहेत की आपल्याबरोबर.”

कोठाऱ्यांनी वळून पाहिलं. पायवाट रिकामी होती. गवत तेवढं हलत होतं.

“कोणी नाही, मास्तर.”

“असं कसं? बांगड्या वाजतायत.”

कोठारे जागीच थांबले. हळूच त्यांनी विचारलं, “चालणं... चालणं कसं आहे? भराभर?”

राजलक्ष्मी भराभर चालायची. सगळी आळी तिला त्यावरून हसायची.

“छे. एक पाय ओढतात.”

म्हणजे ती नव्हे. कोठाऱ्यांना हायसं वाटलं नाही. उलट डोळे भरून आले, आणि त्याची त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

इतक्यात हेरंबरावांनी त्यांचं कोपर घट्ट आवळलं. “अहो, त्या डावीकडे चालल्यात. तिकडे काय आहे?”

डावीकडे कठडा तुटलेला होता. खाली सरळ कडा.

“सांगा ना त्यांना... पडतील!”

वीस वर्षांत कोठाऱ्यांबरोबर असताना एका पाहुण्याला साधं खरचटलं नव्हतं. समोर कोणी नाही हे दिसत असूनही जीभ आपसूक वळली. “बाई, तिथंच थांबा. पुढं जाऊ नका. माझ्या आवाजावर या... अशा. या.”

वारा पडला. गवत थांबलं.

“आल्या,” हेरंबराव कुजबुजले. “तुमच्या अगदी जवळ आहेत.”

दोघं खाली उतरले. सुमेधानं टॅक्सी थांबवली. आत बसता बसता हेरंबराव म्हणाले, “माझ्या बाजूला आता बांगड्या ऐकू येत नाहीत. कोठारे, जपून जा.”

कोठारे घरी आले. दार लोटून खिडकीशी उभे राहिले. ऊन कलत होतं. खोलीत नेहमीची शांतता होती, पण थोडी वेगळी. इतकी वर्षं पाहुण्यांपुढे बोललेल्या माणसाला रिकामी शांतता आणि ऐकणाऱ्याची शांतता यांतला फरक बरोब्बर कळतो. ही ऐकणाऱ्याची होती.

भीती वाटायला हवी होती. पण कोणीतरी ऐकत होतं, आणि ते सुख त्यांना आवरलं नाही. “ही आमची आळी,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “समोर सोनाराचं दुकान. वरच्या सज्जात बेबी नावाची मुलगी गाणं शिकते. भिंतीवर लिहिलंय ते सभेचं, पुसलं तरी पुन्हा कोणीतरी लिहितं...” सांगता सांगता आवाज मोकळा झाला. आळीतलं एकेक माणूस त्यांनी दाखवलं. राजलक्ष्मीबद्दलही सांगितलं, जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवेलागण झाली. घसा बसला.

“बरं,” ते थकून म्हणाले. “आपलं बघून झालं. आता निघू या.”

पाठीमागे दाराची कडी आतून लागली.

कोठारे वळले नाहीत. बराच वेळ त्यांनी खिडकीचे गज धरून ठेवले. मग बसलेल्या घशानं, अगदी हळू, ते म्हणाले, “ही आमची आळी...”