प्रार्थनेत लक्ष

दुसऱ्याचे मूल ज्याच्या स्वाधीन असते, त्याला तो वेळ स्वतःचा म्हणून वापरता येत नाही. अगदी ईश्वराला अर्पण करायचा असला तरीही. एका शाळेला हे उमगायला एक मुलगी जिन्यावरून पडावी लागली.

त्या शाळेचा पहारेकरी सकाळीच वहिनींकडे आला. गुन्ह्यांचा खाजगी तपास करणाऱ्या या बाईंना सारे वहिनीच म्हणत. सोबतीला निवृत्त औषधविक्रेता असलेला दीर असे. आदल्या दिवशी सभागृहात प्रार्थना चालू असताना एक मुलगी मागच्या दाराने बाहेर गेली आणि तिथल्या जिन्यावरून पडली. हनुवटीला टाके पडले. डॉक्टरांनी तिला बोलण्याची मनाई केली होती. सभागृह झाडल्यावर पहारेकऱ्याने त्या दाराला कडी घातली नाही, असा ठपका होता. संध्याकाळी त्याची नोकरी जाणार होती.

"घातली होती, वहिनी. स्टुलावर चढून घालतो. माझी उंची बघताच आहात."

सभागृहात खिडक्या कायमच्या बंद होत्या. मागच्या दाराची कडी आतून, उंचावर होती. टेबलावर अर्धवट जळलेली मेणबत्ती कालपासून तशीच होती.

"कंजूष शाळा. अर्धी उरवली," दीर म्हणाला.

"उरवली की उरली, ते बघू, भाऊजी."

मुख्याध्यापकांनी सांगितले, की आपण प्रार्थनेला हजर असणाऱ्या दोन्ही शिक्षकांना 'प्रार्थनेत लक्ष ठेवा' असे बजावले होते. ताडमाड उंच संगीतशिक्षक इथे जीव गुदमरतो म्हणून मान पुसत राहिले. आपले हात पियानोवरून हललेच नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले.

वर्गशिक्षिका सात्त्विक बाई होत्या. प्रार्थनेच्या सुरुवातीला छोटी, नवी मेणबत्ती त्यांनीच लावली होती.

"सांगितलं तसंच केलं. प्रार्थनेतून माझं लक्ष तसूभर ढळलं नाही. मधल्या कडव्याला पियानो थांबला, नुसते मुलांचे आवाज उरले. अंगावर काटा आला. डोळे उघडले तेव्हा मेणबत्ती विझलेली होती."

बाहेर येताच दीर म्हणाला, "दार बाहेरून उघडलं असेल."

"कडी आतून आहे."

"मग भूत."

"भुताला कशाला लागतं दार?"

संध्याकाळी वहिनींनी सर्वांना सभागृहात बसवले.

"मेणबत्ती अर्धी होईपर्यंत शांत जळली. तोवर वारा नव्हता, म्हणजे दार बंद होतं. पहारेकऱ्यानं कडी घातली होती. मग वारा आला आणि ती विझली. कडी कुणी काढली? स्टुलावाचून तिथे एकाच माणसाचा हात पोहोचतो. त्याचा पियानो मध्येच थांबला होता आणि हात हलले नाहीत, असं तोच सांगतो."

संगीतशिक्षकांनी मान खाली घातली. "हवा यावी म्हणून उघडलं. वाटलं, बाईंचं लक्ष आहे. नंतर बोलायचा धीर झाला नाही."

"बाईंचं लक्ष होतंच," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "पण प्रार्थनेत. मुलांवर नव्हतं. मुख्याध्यापक सर, तुमच्या 'प्रार्थनेत'मधला एक 'त' त्यांनी भक्तीनं पाळला. 'मुलांवर लक्ष ठेवा' हे इथे कुणाचं काम, ते तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं."

वर्गशिक्षिकांनी पदराने डोळे टिपले.  मुख्याध्यापक उठून पहारेकऱ्यासमोर उभे राहिले.

"ठपका शाळेचा आहे, म्हणजे माझा. तुम्ही उद्या कामावर या."

"येतो. स्टूल तेवढं नवं द्या, सर. जुनं डुगडुगतं."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. वर्गशिक्षिका मागच्या दाराशी उभ्या होत्या, डोळे उघडे ठेवून. आणि त्यांना वाटले, आपली प्रार्थना आज पोहोचली.

त्या लेकराची हनुवटी लवकर भरून येवो. चुकले त्यांचे मन हलके होवो. आणि जिथे जिथे लहान डोळे विश्वासाने मिटतात, तिथे कुणाचे तरी डोळे उघडे असोत.