येते हं

सुनेत्रा शिवणवर्गात अस्तर कापत होती, तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. आईचा निरोप होता. ‘सुनेत्रा, मी जाते.’

कात्री जागच्या जागी थांबली. उंबऱ्याशी उभं राहून ‘जाते’ म्हटलेलं आईला, अनुसयाबाईंना, जन्मात खपलं नव्हतं. नळावर निघाल्या तरी ‘येते हं’. लहानपणी सुनेत्रा एकदा ‘जाते’ म्हणून शाळेला निघाली, तर आईनं तिला परत घरात बोलावून ‘येते’ म्हणायला लावलं होतं.

आईच्या गावी, तळखांब्याच्या डोंगरात पुरलेल्या संवेदकांनी सकाळीच इशारा दिला होता: माती सरकतेय, गाव रिकामं करा. मोबाइलचा टॉवर कोसळल्यामुळे गावाशी बोलणं बंद होतं, उपग्रहावरून लहानसे निरोप तेवढे जात-येत होते. आईपुढे दोन वाटा होत्या. वर पठारावरच्या आश्रमशाळेत जायचं, नाहीतर खाली फाट्यावर उतरून एस.टी.नं लेकीकडे यायचं. टॉवर पडण्याआधी ती एवढंच म्हणाली होती, ‘बघते.’

आईचा फोन ‘पालवी’चा, सुनेत्राचा ‘हाक’चा. या दोन कंपन्यांचं इतकं वाकडं, की एकीचा मजकूर दुसरीच्या फोनवर उघडतच नसे. सरकारनं कान उपटल्यावर त्यांनी मधे एक यंत्र बसवलं. त्याचं नाव दुभाष्या. शब्द ज्याचे त्यानं आपल्या घरी ठेवायचे, पलीकडे फक्त अर्थ पाठवायचा, असा तह झाला. एरवी ते चालून जाई. ‘जेवलीस का’च्या जागी ‘तुझे भोजन झाले का’ आलं की सुनेत्रा हसायची. आज तिला हसू कुठलं यायला!

मदतकक्षातल्या साळसकरांचा फोन आला. “ताई, तुमच्या आईचं नाव शाळेच्या यादीत अजून नाही. दोन्ही वाटांवर दरडी आल्यात. ड्रोन एकच आहे नि बॅटरी एका फेरीपुरती. वर पाठवू की खाली?”

“दोन मिनिटं द्या, भाऊ.”

“दोनच हां, ताई.”

तिनं आईला लिहिलं, ‘शाळेत की फाट्यावर?’ पोचल्याची खूण आली, वाचल्याची आली नाही. चालताना आई फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचायची. सुनेत्रानं दुभाष्याच्या मदतक्रमांकावर फोन लावून आईच्या निरोपात ‘जाते’ कुठून आलं ते विचारलं.

“मराठी माणसं निघताना ‘येते’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘जाते’ असतो, हे दुभाष्याला मागच्याच महिन्यात शिकवलंय, मॅडम,” तिकडची मुलगी कौतुकानं म्हणाली.

“आणि खरंच येत असली तर?”

“तो संदर्भ पाहून ठरवतो. इथे... एकावन्न टक्के ‘जाते’.”

“मूळ शब्द वाचून दाखवा ना! ‘येते हं’ होतं की ‘येते गं’?”

“मूळ शब्द आमच्याकडे येतच नाहीत. आणि ‘हं’, ‘गं’ यांना अर्थ नसतो, मॅडम. ते गाळले जातात.”

आई निरोप घेताना म्हणायची ‘येते हं’, आणि खरोखर लेकीकडे यायला निघाली की ‘येते गं’. सगळं त्या एका अक्षरात होतं. तिनं घाईघाईनं लिहिलं, ‘आई, येते हं की येते गं?’ खाली बारीक अक्षरांत उमटलं, पलीकडे असं पोचेल: ‘आई, जाते की जाते?’

“बोला ताई,” साळसकर पुन्हा फोनवर आले.

“खाली. फाट्याकडे.”

तिला माहीत होतं म्हणून नव्हे. आई आपल्याकडेच येत असावी असं तिला फार वाटत होतं, म्हणून ती बोलून गेली. पुढची दहा मिनिटं ती फोन कानाला लावून तशीच उभी राहिली.

“ताई, फाट्यापर्यंत पाहिलं. वाटेत कोणी दिसत नाही. बॅटरी संपत आली, ड्रोन परत फिरवतोय.”

तेवढ्यात फोन हातात थरथरला. ‘सुनेत्रा, मी गेले.’

तिनं तो निरोप पुन्हा वाचला. मग स्वतःलाच बजावत राहिली, गेलेलं माणूस निरोप धाडत नाही. आईनं ‘आले’ लिहिलं असणार. दुभाष्यानं ‘येते’चं ‘जाते’ केलं, तसंच ‘आले’चं ‘गेले’ केलं. म्हणजे आई जिवंत आहे. निदान लिहीत होती तेव्हा होती. पण आई पोचल्यावरही ‘आले’ म्हणायची, आणि कोणी हाक मारली तर अर्ध्या वाटेतूनही ‘आले, आले’ म्हणायची.

साळसकर अजून फोनवरच होते. आईचा निरोप आलाय, एवढंच तिनं त्यांना सांगितलं.

“ताई, काय लिहिलंय आईनं? पोचली का?”