पुढे वळलेलं टोक

"हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या रे," शेगडीत लाकूड सारत म्हातारा वॉल्टर पोरांना म्हणाला. "आपल्या लेन लोहारावर बेतलेली गोष्ट आहे. मागच्या नोव्हेंबरातली. आठ तारीख, शनिवारची रात्र."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये युद्धात गेलेल्यांचं स्मरण होतं. म्हणून लेन विमानाच्या पंख्याचं एक पातं चादरीत गुंडाळून गाडीतून नेत होता. ऐंशी वर्षांपूर्वी ते विमान जवाच्या हिरव्या शेतात कोसळलं, तेव्हापासून पातं लिंकनशरच्या चिखलात रुतलेलं होतं. मार्चमध्ये वर काढलं, तेव्हा त्याचं टोक पुढे वळलेलं होतं. लेनला त्याचा अर्थ कळला. बंद इंजिनाचं पातं आपटलं की मागे वाकतं. इंजिन जोरात चालू असेल तरच ते पुढे वळतं. गाव मात्र म्हणत आलं होतं, त्या विमानाचा वैमानिक पिंडर घाबरला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

"वाकडं कसलं उभं करतोस, लेन? जरा नीटनेटकं कर की," चर्चच्या मंडळातल्या बाई म्हणाल्या. लेनने ते तापवून, ठोकून सरळ केलं. चिखलाने खाल्लेली धारही कानशीने गुळगुळीत केली. त्या वळणाचा अर्थ मात्र कुणालाच सांगितला नाही.

त्या रात्री बंधाऱ्याच्या रस्त्यावर एका तरुणाने हात केला. लेनने त्याला शेजारी बसवलं.

"मागे काय आहे, पोरा?"

साठीच्या लेनला हसू आलं. "पोरा कुणाला म्हणतोस? मिसरूड तरी फुटलंय का तुला? विमानाचं पातं आहे."

तरुणाने हात मागे नेला. चादरीखाली घातला. हात फिरत गेला... टोकाशी थांबला.

"वळण कुठे गेलं?"

लेनने नजर रस्त्यावरच ठेवली.

"तू पाहिलं होतंस ना?"

"...हो."

"मग?"

लेनने गाडी थांबवली. शेजारी कुणी नव्हतं. दार उघडलंच नव्हतं.

सकाळी चर्चमध्ये लेनने टोपी काढून सगळ्यांसमोर खरं सांगितलं: टोक पुढे वळलेलं होतं, इंजिन चालूच होतं. पिंडरची पुतणी पहिल्याच बाकावर होती.

"पातं निघालं कधी?" तिने विचारलं.

"मार्चमध्ये."

"माझे बाबा ऑगस्टमध्ये गेले. भावाच्या नावाने जन्मभर खाली मान घालून."

ती उठली. तिने चादर ओढली.

पात्याच्या टोकाला जवाची कणसं गुंडाळलेली होती. हिरवीगार, दवाने ओली.

बाहेर सगळी शेतं नांगरून काळी पडली होती.