पाठ करून घेतलेलं नाव

दिवा राहू दे बंद, चांदण्यात दिसतंय सगळं. बडोद्याच्या वासणा भागातले श्रीपतराव माझ्या उठण्याबसण्यातले. शाळामास्तर. हाती घेतलं की चोख करायचं, हा त्यांचा खाक्या. तोच नडला.

त्यांचा एकुलता एक सलील. अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला, तेव्हा श्रीपतरावांनी एक एजंट गाठला. दुसऱ्याच्या पासपोर्टावर फोटो बदलून माणसं पाठवायचा तो. आधी विमान, मग चोरून बोटीनं. सलीलच्या वाट्याला नडियादच्या कुणा धवल पटेलचा पासपोर्ट आला.

एजंट म्हणाला, "मास्तरसाहेब, बाकीचं आपण करशुं. पण एअरपोर्टवर कुणी खऱ्या नावानं हाक मारली अने छोकरा वळला, तर खलास. तेवढं तुम्ही पाठ करून घ्या."

श्रीपतरावांनी घेतलं. जेवताना, झोपेत, पाठीमागून अचानक हाक मारायची, "सलील!" वळला की पुन्हा पहिल्यापासून. नाव काय, गाव कुठलं, बापाचं नाव काय. शेवटी पोरगा इतका तयार झाला, की दुर्गाताईंनी पानावर बोलावलं तरी मान हलेना. आईचा जीव तुटायचा. श्रीपतरावांना मात्र अभिमान वाटायचा.

सलील गेला. कुठल्याशा बंदरातून एकदा फोन आला, "आज बोटीत बसतोय." पुढे काहीच नाही.

सत्त्याण्णव सालची दत्तजयंती, शनिवार. रात्री अकरानंतर फोनचा दर कमी व्हायचा, म्हणून श्रीपतराव कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. एजंटाचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. ते घराकडे वळले.

फाटकाशी कुणीतरी उभं होतं. दोन्ही हातांनी गज धरून, आत बघत.

पाठ ओळखीची होती. श्रीपतरावांना भरून आलं.

"सलील..."

तो वळला नाही.

"अरे, मी आहे. बाबा."

सोसायटीतलं एकही कुत्रं भुंकत नव्हतं. श्रीपतराव समोर गेले. चेहरा त्याचाच. कपडे चिंब. डिसेंबरची थंडी, पण तो कापत नव्हता. श्वासही...

श्रीपतरावांना कळलं.

"घरात तरी ये रे. आई आहे आत."

डोळे त्यांच्यावरच. ओळख नाही.

मग त्यांनी दुसरं नाव घेतलं.

"धवल."

तो ताठ झाला. "जी, साहेब."

"घर... कुठे तुझं?"

"नडियाद."

"बापाचं नाव?"

"रमणभाई."

एकही उत्तर चुकलं नाही.

"चूक रे आता," श्रीपतराव रडत म्हणाले. "एकदा तरी चूक..."

तो थांबला. पुढच्या प्रश्नासाठी. प्रश्न आला नाही. त्यानं गज सोडले आणि स्टेशनच्या दिशेनं चालू लागला.

सलील... सलील... श्रीपतराव गल्लीच्या टोकापर्यंत हाका मारत गेले.

त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

ते फाटक अजून आहे. दर दिवाळीला रंग देतात. पण गज धरले होते त्या दोन जागी रंग टिकत नाही. समुद्रकाठच्या घरांचं गंजतं, तसं लोखंड गंजत चाललंय, आणि बडोद्याला कुठला समुद्र? रोज सकाळी तिथं मीठ फुटलेलं असतं. दुर्गाताई पदरानं पुसतात.