राहिलेली चौथी गोष्ट

ही गोष्ट खरी आहे. माझी चुलत बहीण उत्कर्षा हिच्या बाबतीत घडलेली. तिनं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि वाढवून सांगायची तिला सवय नाही. थोडं वाढवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला ऐकताना वाटत होतं. निदान खोटं म्हणून सोडून देता आलं असतं.

साल दोन हजार चार. ऑक्टोबर. हडपसर.

आणि रात्र नव्हती.

भर दुपार होती.

उत्कर्षा तेव्हा हडपसरच्या एका आयटी कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. ऑफिस जवळ पडतं म्हणून मामांकडे राहायची. हिंदुरावमामांची एकेकाळी तिथं शेती होती. आता शेतात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि मामांच्या वाट्याला एक बंगला आणि भरपूर रिकामा वेळ आला होता.

घरात मैनामामी आणि त्यांचा मुलगा दिग्विजय. तो उत्कर्षाच्याच वयाचा. दोघांना एकच वेड, भुताचे सिनेमे. तेही एका सिनेमात चार-पाच वेगळ्या गोष्टी आणि त्या सगळ्यांना बांधून ठेवणारी एक बाहेरची गोष्ट, असले.

"एका तिकिटात चार भुतं," दिग्विजय म्हणायचा. "परवडतं."

गणपती गेले की यांचा हंगाम सुरू. पाऊस ओसरलेला, दुपारचं ऊन चटके देणारं. शनिवारी जेवण झालं की दिवाणखान्याचे पडदे ओढायचे आणि स्वारगेटजवळच्या लायब्ररीतून आणलेली सीडी लावायची. आकाशकंदील टांगायची वेळ येईपर्यंत हे चालायचं.

"पितरांच्या पंधरवड्यात भुतं बघताय," मामा ओरडायचे. "लाज हाय का काही?"

"अहो आबा, त्यांचाच तर सण आहे," दिग्विजय वडलांना म्हणायचा.

त्या वर्षी त्यांनी एक जुना इंग्रजी सिनेमा आणला. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत चार माणसं नंबरची वाट बघत बसलेली असतात. डॉक्टर येत नाहीत, म्हणून प्रत्येक जण स्वतःवर गुदरलेला प्रसंग सांगायला लागतो. तीन गोष्टी झाल्या आणि वीज गेली.

"चौथी उद्या," दिग्विजय म्हणाला. "एकटीनं बघायची नाही हां."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटरसायकलवरून वारज्याला मित्राकडे निघाला. बायपासवर मागून ट्रक आला.

तो घरी आला नाही. मामांना ससूनमध्ये जाऊन त्याला ओळखावं लागलं.

दहाव्याला सगळे नदीवर जमले. पिंड मांडले. लोक मागं सरकून उभे राहिले.

कावळे होते. झाडावर होते, भिंतीवर होते.

एकही खाली येईना.

मामा पुढं झाले. हात जोडून म्हणाले, "दिगू, तुझ्या आईला आम्ही जपू रे."

कावळे हलले नाहीत.

मामी म्हणाल्या, "गाडीवरनं गेलास म्हणून राग न्हाई आमचा. आम्ही तुला काही बोलणार न्हाई."

काही नाही.

ऊन चढायला लागलं. भटजी घड्याळाकडे बघायला लागले. कोणी म्हणालं, लग्नाचं मनात असेल. कोणी म्हणालं, त्याच्या आवडीचं काही राहिलं का आठवा...

उत्कर्षाचा या कशावर विश्वास नव्हता. पण मामींचा चेहरा तिला बघवेना. ती पुढं गेली आणि मनात आलं ते बोलून गेली.

"दिग्या, राहिलेली चौथी गोष्ट आपण बघू."

तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

पंखांचा आवाज आला... आणि कावळा पिंडावर होता.

सगळ्यांनी हात जोडले. मामी हुंदका देऊन खाली बसल्या. तेवढ्यात कोणीतरी उत्कर्षाचं मनगट घट्ट धरलं. मामांची म्हातारी आत्या, वेणूबाई.

"काय म्हनलीस तू?"

"सिनेमा बघू म्हटलं, आत्याबाई."

"कोन बघू?"

"आपण."

"आम्ही म्हनायचं गं, पोरी! मघापासनं सगळी काय म्हनत्यात? आम्ही जपू, आम्ही करू. त्येला वगळून बोलायचं आसतंय हितं. आपण म्हंजी त्योबी आला."

"व्याकरणाची चूक झाली," उत्कर्षा म्हणाली. तिला थोडं हसूही आलं होतं.

वेणूबाई हसल्या नाहीत.

त्यानंतर घरात पहिली जाणवली ती शांतता. मामी रोज गच्चीवर भाताचा घास ठेवत. शेजारच्या गच्चीवर कावळ्यांची झुंबड. यांच्या गच्चीवर घास तसाच वाळून जायचा.

मग आवाज सुरू झाला.

दुपारची वेळ. दिवाणखाना रिकामा. आणि आतून सीडी प्लेअरचा ट्रे बाहेर आल्याचा आवाज...

थोडा वेळ काहीच नाही.

मग ट्रे आत गेल्याचा आवाज.

कोणीतरी सीडी लावायची वाट बघत असावं, तसा.

उत्कर्षानं आधी बटण तपासलं. मग प्लग काढून ठेवला.

आवाज आलाच.

प्लेअर उचलून कपाटात ठेवला. आवाज कपाटातून आला.

मामींची झोप उडाली. जेवण तुटलं. एके दिवशी त्यांनी उत्कर्षाचे दोन्ही हात धरले. "बघून टाक गं बाई. तुझ्या शब्दावर अडकलाय त्यो. सोडव माझ्या लेकराला."

वेणूबाईंनी मात्र फोनवर बजावलं, "अजाबात लावू नगस. शेजारी येऊन बसला तर उठवनार कोन?"

उत्कर्षा आठवडाभर दोन्हीकडून विचार करत राहिली. सिनेमा लावला नाही तर मामी खंगत जाणार, हे डोळ्यांसमोर दिसत होतं. लावला तर काय होईल, ते माहीत नव्हतं. चाचणी केल्याशिवाय कळणार नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. पण खरं कारण दुसरं होतं. तिनं दिग्याला शब्द दिला होता.

शनिवार. मामा बाहेर गेलेले. मामी व्हरांड्यात पायरीवर बसल्या. उत्कर्षानं दार लोटून घेतलं, पडदे ओढले, सीडी लावली आणि दिवाणाच्या आपल्या टोकाला बसली.

चौथा माणूस पडद्यावर बोलायला लागला...

बराच वेळ काहीच झालं नाही. तिला हायसंसुद्धा वाटलं.

मग दिवाण दबला.

दुसऱ्या टोकाला. हळूच. कोणी बेतानं बसावं तसा.

तिनं मान वळवली नाही. नजर टीव्हीवर रोवून बसली. पडद्यावर माणूस जिना चढत होता. दार बंद होतं. त्यानं कडीला हात घातला...

आणि तिच्या शेजारी कोणीतरी नाकातल्या नाकात हसलं.

दिग्विजय असाच हसायचा. भीतीचा क्षण यायच्या जरासा आधी. त्यावरून दोघांची दर वेळी भांडणं व्हायची.

उत्कर्षाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भीतीचं की आणखी कशाचं, ते तिला आजही सांगता येत नाही. सिनेमा संपला. नावं वर सरकली. पडदा निळा झाला.

"संपला, दिग्या," ती कशीबशी म्हणाली.



पण दबलेला दिवाण पुन्हा वर आला नाही.

तेवढ्यात दार उघडलं. मामी आत आल्या. डोळे ओले, आणि चेहऱ्यावर हसू. दहाव्यानंतरचं पहिलं.

"किती दिवसांनी हसला गं माझा दिगू!"

"तुम्ही... ऐकलंत, मामी?"

"ऐकलं तर! दोघांचं बी ऐकलं. तुझं हसनं तर पार फाटकापतुर आलं."



उत्कर्षा हसलीच नव्हती. तोंडावर पदर दाबून धरावा तशी ओढणी दाबून बसली होती ती, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"मामी," तिनं विचारलं, "पण आता तो सुटला ना?"

मामींनी दिवाणाच्या त्या टोकाकडे बघितलं. प्रेमानं.

"सुटंल की. घाई काय हाय?"

पुढच्या शनिवारी, ज्या बाईनं आयुष्यात कधी सिनेमा बघितला नव्हता, ती एकटी बसनं स्वारगेटला जाऊन सीडी घेऊन आली. पिशवीतून काढून उत्कर्षाच्या हातात ठेवली.

"बघ गं. चार गोष्टींचाच दिला ना लायब्ररीवाल्यानं?"

उत्कर्षा नाही म्हणू शकली नाही. मामी पुन्हा जेवायला लागल्या होत्या.

आता तिला स्वतःचं घर आहे, नवरा आहे, मोठी नोकरी आहे. तरी गणपती गेले की मामींचा फोन येतो, आणि ती शनिवारी हडपसरला जाते. सिनेमा लावते, आपल्या टोकाला बसते, संपला की घरी येते. तिनं त्या बाजूला एकदाही मान वळवलेली नाही.

मी तिला विचारलं, "एकदा बघून तरी घे. तू तर पुराव्याशिवाय काही मानत नाहीस. आणि तुझा भाऊच आहे ना तो?"

"त्याची भीती नाही वाटत मला," ती म्हणाली. "मामी अजूनही व्हरांड्यात बसतात. अजूनही म्हणतात, दोघं हसत होता म्हणून."

मग ती निघायला उठली आणि चपला घालताना म्हणाली,

"तो कोण आहे ते मला माहीत आहे रे. त्याच्याबरोबर माझ्या आवाजात कोण हसतं, ते मला बघायचं नाही."