छत्तीस-आठ

तान्ह्या नागिच्या काखेत थर्मामीटर धरून शिहो दुसऱ्या हातानं डब्यातले भाताचे गोळे वळायची. पाळणाघराची ती शिस्तच होती. दारात बूट काढायच्या आधी लेकराचं अंग किती गरम, ते सांगायचं.

"नागिची आई, आज किती?" मोरिता बाई आतूनच विचारायच्या.

"छत्तीस-आठ."

"रोजचंच! घड्याळ आहे का मूल?"

दोनच दात दाखवून नागि हसायची. मग शिहो सायकलवर टांग मारायची. जपानमधल्या हामामात्सूत हिवाळ्यात वारा असा सुटतो की पायडल मारत मारत माणूस जागच्या जागी राहतो. मोटारींच्या कारखान्यात पोहोचेपर्यंत तिचे कान बधिर झालेले असायचे.

जुळणीच्या खोलीत मात्र बारा महिने तेवीस अंश. धातू केसाएवढाही फुगायला नको की आखडायला नको. तिथं एका इंजिनाला एकच माणूस हात लावतो, पहिल्या बोल्टपासून शेवटच्यापर्यंत. सहा सिलिंडर, साडेतीन लिटर, दोन बाजूंना दोन टर्बो, ताकद सहाशे वीस घोड्यांची. सगळं पार पडलं की बोटभर पितळी पट्टी, तिच्यावर जुळणाऱ्याचं नाव. शिहोच्या नावाची पट्टी अजून निघायची होती. ती या खोलीतली पहिली बाई, आणि बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली.

ती रजेवर असताना दोन इंजिनं थंडीच्या परीक्षेत आडवी झाली होती. इंजिन झिजतं ते पळताना नव्हे, गारठ्यात उठताना. तेल घट्ट होऊन तळाशी बसलेलं असतं आणि पहिले काही क्षण लोखंड लोखंडावर घासतं. दोन्हींची बेअरिंगं ओरबाडून निघाली होती. आता तिसरं नापास झालं, तर हातजुळणी बंद आणि खोलीत यंत्रांचे हात, असं वरून कळवलेलं. आणि तिसरं आलं शिहोच्या वाट्याला.

"म्हणजे सगळ्यांची लाज माझ्या हातात?" शिहोनं विचारलं होतं.

"तुझ्या डाव्या हातात," उएमुरा सान म्हणाले. खोलीतले सगळ्यात जुने जुळणारे; तिला शिकवलं त्यांनीच. बोल्ट आवळून झाला की त्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढायची; बोल्ट सुटला की रेघही जागची सुटलेली दिसते. बाकी सगळ्यांची रेघ उजवीकडे कलायची, डावखुऱ्या शिहोची डावीकडे. "जगाचा पाऊस एकीकडे आणि हिचा उलटाच!" हे त्यांचं ठरलेलं.

सिलिंडरचा ठोकळा टेबलावर चढला, त्या दिवशी तिच्याकडून नको ते झालं. हातमोजा काढून तिनं पालथा हात ठोकळ्यावर ठेवला. कपाळावर ठेवावा तसा.

"ए! घामानं गंज चढतो, शिकवलंय ना? ते काय तुझं पोर आहे?"

"हाताला खोड लागलीय हो," म्हणत तिनं घाईघाईनं तेलाचा बोळा फिरवला.

दुसऱ्या दिवशी ठोकळा कोमट होता.

शिहोनं सांगितलं तेव्हा उएमुरा सान हसले. मग त्यांनी हात लावला आणि हसायचे थांबले. तापमापी आणली. टेबल तेवीस. शेजारचं इंजिन तेवीस. हे छत्तीस-आठ. दुसरी तापमापी आणली. दिवे बंद केले. टेबल ढकलत पार दुसऱ्या कोपऱ्यात नेलं.

छत्तीस-आठ.

"ऊब लागून ठोकळ्याची मापं बिघडली असतील," शिहो म्हणाली. तिनं एकेक माप पुन्हा घेतलं. सगळी तंतोतंत होती. तेवीस अंशाला असावीत तशीच.

मग नागिला सर्दी झाली आणि एका सकाळी अंग तापलं. शिहोनं रजा सांगायला फोन उचलला, तोच तो वाजला.

"पोरीला अडतीस-चार आहे ना?" उएमुरा सान.

शिहोच्या हातात थर्मामीटर तसाच होता. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इथल्या तापमापीनं," पलीकडून उत्तर आलं. "भाताची पेज दे तिला," ते म्हणाले. "इथलं मी बघतो. हात लावत नाही, नुसता बसतो जवळ."

ताप उतरला. पोरीचा, आणि इंजिनाचाही.

थंडीची खोली उणे तीसवर असते. इंजिन तिथं रात्रभर ठेवायचं आणि सकाळी एका झटक्यात पूर्ण जोर द्यायचा. परीक्षेच्या पहाटे शिहो नागिला छातीशी धरून बसली होती. पोरीचे तळवे गरम होते. छत्तीस-आठ.

कारखान्यात परीक्षा घेणारा तोदा काचेला नाक लावून उभा होता. आत पाइपांवर, तारांवर, भिंतींवर बोटभर बर्फ. इंजिनावर कणही नाही. ते कोरडं होतं आणि त्याच्याभोवती हलकी वाफ होती, झोपलेल्या माणसाच्या तोंडाशी असते तशी.

"हे चालतं का नियमात?" तोदा पुटपुटला.

"नियमात खोलीचं तापमान लिहिलंय," उएमुरा सान म्हणाले. "इंजिनाचं नाही. दाब बटण."

पहिल्या झटक्याला सुरू झालं.

रोज गोठवायचं, रोज उठवायचं. मग पूर्ण भार. टर्बो निखाऱ्यासारखे लाल झाले, काचा थरथरल्या, तोदाचा आकडा सहाशे वीस ओलांडून सहाशे चाळीसवर गेला. शिहोचा जीव मात्र पाळणाघरात होता. संध्याकाळी मोरिता बाई म्हणाल्या, "दिवसभर खिदळत होती हो! कशाला, कळेना!"

राहिलं होतं ते शेवटचं. परीक्षा दिलेलं इंजिन उघडायचं, सुटं करायचं, झीज मोजायची.

"मी करतो," उएमुरा सान हळूच म्हणाले.

"नाही. दुसऱ्या कुणाचा हात नको."

तिनं मोजे काढले. या खेपेस कुणी ओरडलं नाही. एकेक बोल्ट तिनं असा सोडवला, जशी झोपलेल्या लेकराची बंडी उतरवावी. बेअरिंगं निघाली. कोमट होती, आणि आरशासारखी. ओरखडा सोडाच, तिनं बसवताना होती त्याहून गुळगुळीत. मापं घेणाऱ्यानं दोनदा घेतली आणि मापयंत्र खाली ठेवून वाकून नमस्कार केला.

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. उएमुरा सान भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. "धूळ," ते म्हणाले. धुळीचा कण नसलेल्या त्या खोलीत!

हातजुळणी राहिली. खोली राहिली. शिहोनं इंजिन पुन्हा जुळवलं, मधल्या बोल्टपासून बाहेर, आवळत, रेघ ओढत. शेवटी पट्टी बसली: माकाबे शिहो. पट्टीखालचा धातू उबदार होता.

संध्याकाळी तिनं नागिला टबात बसवलं. पोर पाण्यावर थापा मारत ओरडत होती, आणि शिहो मोठ्यानं गात होती. साबण लावायला तिनं तिला पाठमोरी केली.

मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेपासून कमरेपर्यंत, बारीक पांढऱ्या रेघा होत्या. साबणानं गेल्या नाहीत. सगळ्या डावीकडे कललेल्या.

शिहोचं गाणं थांबलं. तिनं बोट टेकवलं आणि मधल्या रेघेपासून बाहेर, बोल्ट आवळले होते त्याच क्रमानं, एकेक तपासत गेली.

एकही सुटली नव्हती.