आडभिंत

त्या दिवशी मी घराबाहेर पडलो, ते फक्त गवंड्याला बोलवायला. स्वयंपाकघर आणि शेजारची छोटी खोली, यांच्यामधली एक भिंत पाडायची होती. भरदुपार, लख्ख ऊन. भिण्यासारखं त्यात काही नव्हतं. जरा जवळ सरका, मोठ्यानं नाही सांगवत.

छोटी खोली आमच्या ठमीची. दोन वर्षं ती तिथे पडून होती आणि नवव्या वर्षी तिथेच गेली. आजारपणात बायको भिंतीच्या अलीकडे भाजी चिरायची आणि ठमी पलीकडून गप्पा मारायची. मी पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर. दोघींचं हसणं कानावर यायचं. ठमी गेली, पण बायकोच्या गप्पा थांबल्या नाहीत. चिरता चिरता ती काहीतरी विचारायची, थांबायची, मग मान हलवून म्हणायची, "हो का गं?" अकरा महिने मी हे पाहिलं. शेवटी ठरवलं, भिंतच नको. भिंत गेली की बाई माणसांत येईल.

गवंड्यानं बोटांनी ठोकून पाहिलं. "मास्तर, ही नुसती आडभिंत, वरचं ओझं नाही हिच्यावर. दोन दिवसांचं काम."

माझी थोरली बहीण तेव्हा घरात होती. तिला पटेना. "अरे, आधी एखाद्या इंजिनिअरला दाखव. घर म्हणजे सदरा नव्हे, उसवला आणि पुन्हा शिवला."

"बघू," मी म्हणालो.

ताई गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "अहो... ठमीपण तेच म्हणतेय. विचारून घ्या, म्हणते."

माझं डोकं फिरलं. "ठमी नाहीये आता!" मी ओरडलो. बायकोनं विळी पुढे ओढली. आणि तेवढ्यात, भिंतीपलीकडून, अगदी जवळून, ठमीचा तो चोंदलेल्या नाकाचा आवाज आला.

"बाबा... विचारा ना."

तिच्या छातीला चोळायच्या मलमाचा वास घमघमला. मी खोलीत धावलो. रिकामी खाट. गुंडाळलेली गादी. फरशीवर ऊन.

आता खरं सांगतो. इंजिनिअरला बोलवायचं राहून गेलं, असं नाही. मी मुद्दाम बोलावलं नाही. तो 'पाडू नका' म्हणाला असता, तर भिंत राहिली असती, आवाज राहिला असता, आणि एक दिवस मीही यंत्र सोडून भिंतीला कान लावून बसलो असतो. मलाही ऐकू आलं, हे मी बायकोला सांगितलंच नाही. तिला वेडी ठरवून मी शहाणा राहिलो. तेवढं तरी सांगायला हवं होतं हो.

दोन दिवसांनी काम सुरू झालं. दुपारपर्यंत वरचे चार थर निघाले. मग गवंडी थांबला आणि छताकडे बघत राहिला. वरून बारीक पांढरी भुकटी गळत होती, पीठ चाळल्यासारखी.

"मास्तर, हे लक्षण बरं नाही. मी टेकू घेऊन येतो, तोवर हात लावू नका. आणि उद्या इंजिनिअरला आणाच."

तो गेला. 'उद्या' हा शब्द ऐकला आणि माझा धीर सुटला. मी घण उचलला. भिंतीच्या खिंडारातून पलीकडे बायको दिसत होती.

"अहो, थांबा..." ती म्हणाली. "ती वर बघतेय."

मी घाव घातला. वर काहीतरी कण्हलं. दुसऱ्यांदा हात उचलला, तोच माझ्या पोटाला दोन तळवे टेकले. लहानसे. तापातल्यासारखे गरम. त्यांनी मला असं ढकललं, की मी मागच्या दारातून थेट अंगणात जाऊन उताणा पडलो. डोकं दगडावर आपटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात माती होती आणि समोर घर नव्हतं.

बायकोला संध्याकाळी बाहेर काढलं. श्वास नव्हता, पण चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

इंजिनिअर आला तो दुसऱ्या दिवशी, ढिगारा बघायला. "वरच्या तुळईचं टोक याच भिंतीवर होतं," तो म्हणाला. "अर्ध्या तासात सांगितलं असतं मी." रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

ठमीनं मला वाचवलं, आईपर्यंत बिचारी पोचू शकली नाही, अशी मी मनाची समजूत घातली. वर्षभर त्याच समजुतीवर जगलो. परवा गवंडी भेटायला आला.

"मास्तर, एक सांगायचं राहिलंय. मी टेकू घेऊन मागच्या फाटकाशी पोचलो होतो. तुम्ही पडलेले होतात. वहिनी बाहेर आल्या होत्या..."

"बाहेर?"

"पुरत्या बाहेर. तुमच्याकडेच धावत होत्या. तेवढ्यात आतून हाक आली... 'आई'. मीपण ऐकली. वहिनी थबकल्या. तुमच्याकडे एकदा बघितलं आणि हसत मागे वळल्या. मी ओरडलो, वहिनी, नका! पण त्यांनी दारात वाकून हात पुढे केला, लहान पोराचा धरतात तसा. खाली..."

त्यानं स्वतःचा हात तसाच खाली धरून दाखवला.

"कुणीतरी तो हात धरला, मास्तर. आणि मग वहिनींचा हात वर ओढला गेला. त्यांच्या डोक्याच्याही वर, कुठलं लहान पोर पोचणार नाही इतका... तेव्हा त्यांचं हसू गेलं."